परतीचा पाऊण तास

२ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याची दहा तारीख सांगितली आहे. तेव्हा मला तू जवळ हवी आहेस. अंतर विचारलंस ना? सव्वाचार हजार किलोमीटर. पण आकडा सोडून दे, विमान साडेपाच तासांत आणून सोडतं. कामाची घाई असली की शिलाई मशीनवरून तू त्याहून जास्त वेळ मान वर करत नाहीस. विमानात तर पाय मारायचेही कष्ट नाहीत!

पाळणा खिडकीशी ठेवलाय. तुझे जावई रोज त्याची जागा बदलतात. त्यांना आवरायला तरी ये.

बाबांना नमस्कार. माया पत्रातून पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझी ठकू


९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून माझी तालीम घेतली. खिडकीशी आरामखुर्ची, कमरेला पट्टा म्हणून मफलर, वर ट्रेमधून चहा! साडेपाच तास उठायचं नाही म्हणाले. मी अर्ध्या तासात गॅस बघायला उठले. तेव्हापासून मला चालत्या विमानातून उतरलेली बाई म्हणून चिडवतात.

माझं काही खरं नाही गं. गुडघे धरतात, त्यात विमानाची भीती. मदतीला एखादी चांगली बाई बघ. रागावू नकोस आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी आई


१३ जून

चि. ठकू,
अनेक आशीर्वाद.

आईच्या चोरून लिहितोय. काल ती आपणहून खुर्चीत बसली. मी चहा घेऊन आलो तर गाढ झोपलेली. चेहरा इतका सुखाचा, की उठवावंसं वाटेना. जागी झाल्यावर म्हणाली, पोचले होते मी. ढग पायाखाली, वर लख्ख ऊन, आणि विमान थेट ठकूच्या खिडकीशी थांबलं. बाळाने बोट धरलं होतं.

मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, विमानाला कोण घाबरतंय? त्याला एकदा मांडीवर घेतलं, की खाली ठेवून परत कशी येऊ?

आता काय ते तूच बघ. आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा बाबा


२४ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. रडायचंच असेल तर इथे येऊन रड, असं आईला कोणी लिहितं का? बाबा फितूर झाले तेही कळलं. दोन दिवस दोघांशी अबोला धरला. मग गुपचूप बॅग काढली.

गुरुवारच्या विमानाने येते आहे. परतीचं तिकीटही काढलंय, नाहीतर इकडे हे नुसत्या चहावर दिवस काढतील. हे म्हणाले, परतताना वारा समोरून येतो, विमानाला पाऊण तास जास्त लागतो. ऐकून फार बरं वाटलं गं. तुमच्याकडून निघताना मागे ओढ घेणारी मी एकटीच नसेन.

हे पत्र माझ्याआधी पोचलं, तर जिना उतरून विमानतळावर धावत येऊ नकोस. मीच येते.

तुझी आई