तीन भुंगे

सोमवार, ४ मार्च

बोलण्याच्या वर्गाचा पहिला दिवस. वय एकसष्ट, आणि मी पुन्हा अ-आ-ई!

हॉस्पिटलच्या तळघरात खोली आहे. भिंतीपलीकडे चादरी धुण्याची मशिनं, डोक्यावर लिफ्टची मोटार. बोलायला शिकवायला याहून गोंगाटाची जागा शोधून सापडली नसती. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र दिलं. टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, नुसते ओठ हलवायचे. आवाज ते काढतं. मी म्हटलं, "नमस्कार." डबीत भुंगा कोंडावा तसा नमस्कार निघाला.

अठ्ठावीस वर्षं घाऊक बाजारात लिलाव पुकारला. कांद्याच्या थप्पीवर उभा राहिलो की पार शेवटच्या गेटवरचा हमाल माझी बोली ऐकायचा. डिसेंबरात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी अख्खं स्वरयंत्र काढून टाकलं. आता श्वास गळ्यातल्या भोकातून. नाक नुसतं शोभेला.

ही म्हणते, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं." हसत म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी सगळी घासलेली होती.

गुरुवार, ७ मार्च

वर्गात आम्ही तिघं. तिघांचेही गळे कापलेले.

एक टेलरमास्तर. सत्तरीचे, बारीक, शर्टाला इस्त्री. भोकावर बांधायचा रुमाल त्यांनी स्वतः शिवलाय, कॉलरच्या मापाचा. आमची हॉस्पिटलची फडकी पाहून त्यांना राहवलं नाही. खिशातून टेप काढली आणि वर्ग चालू असताना माझ्या मानेचं माप घेतलं.

दुसरी सिस्टर. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिली, मग स्वतःच टेबलावर. तिला यंत्र नको, ती ढेकरेची भाषा शिकते आहे. हवा गिळायची आणि ढेकरेवर शब्द काढायचा. आज तिने "पाणी" म्हटलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या! लहानपणी ढेकर दिली म्हणून कानाखाली खाल्लेली माणसं आम्ही.

मास्तर मात्र यंत्र गळ्याला लावायलाच तयार नाहीत. गळ्यात लहान मुलांची पाटी अडकवून येतात, तिच्यावर लिहितात. बाईंनी कारण विचारलं. त्यांनी लिहिलं — "कोणाशी बोलू?"

सोमवार, ११ मार्च

कारण कळलं. वर्ग सुटल्यावर कँटीनमध्ये बसलो. चहा पातळ, पण गिळायला सोपा.

मास्तरांच्या पंथात प्रार्थना मोठ्यानेच म्हणायची असते. जिभेवर आली नाही ती प्रार्थना मोजतच नाहीत. मास्तर बत्तीस वर्षं दर आठवड्याला मंडळींपुढे उभे राहून ती म्हणत. आजाऱ्यांची नावं घ्यायची, एकेकाचं, स्पष्ट. आवाज गेला तशी प्रार्थना गेली. आता त्यांचा पुतण्या म्हणतो. "घाईत म्हणतो," मास्तरांनी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मी यंत्र लावून म्हटलं, "मग याने म्हणा ना!"

त्यांनी लिहिलं — "डबड्यातून देवाशी बोलू?"

म्हटलं, "मी देव मानत नाही. पण तो असलाच तर त्याने याहून वाईट आवाज ऐकले असतील. एकदा बाजारात या."

मास्तर तापले. भराभर लिहायला लागले. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. त्यांचं उत्तर लिहून होईपर्यंत माझा चहा संपला आणि रागही. मुक्या माणसांचं भांडण फार सोयीचं. पाटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर एवढंच होतं — "तुम्ही मानत नाही तर आजारात धरता तरी काय?"

मी म्हटलं, "खाटेची दांडी."

सिस्टर हसली. हसताना आम्हाला आवाज येत नाही. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा सुटते. भाता फुटल्यासारखी.

गुरुवार, १४ मार्च

सिस्टरचं तिसरंच. ती देवाबिवाचं नाव काढत नाही. सकाळी अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसते आणि श्वास येतो-जातो तो बघते. बास. आमच्यासारखं झाल्यावर तिला वाटलं, संपलं सगळं — आयुष्यभर नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवलं आणि आता नाकात वाराच नाही! दोन महिने बसली नाही. मग एक दिवस बसली आणि लक्ष खाली गळ्यापाशी आणलं.

"पत्ता बदलला," ती म्हणाली. दोन ढेकरा लागल्या. "बिऱ्हाड तेच."

कँटीनमध्ये तिने आम्हा दोघांना बसवलं. डोळे मिटायचे, गप्प राहायचं. मास्तरांनी पाच मिनिटं मान राखून डोळे मिटले. मी झोपलो. जागा झालो तर दोघं माझ्याकडे बघत होती. भोकातून घोरतो म्हणे मी. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून गेलं होतं.

मास्तरांनी माझा रुमाल आणला. निळा. मापात बसला.

सोमवार, १८ मार्च

तीन महिन्यांची तपासणी. छातीचा स्कॅन. उजव्या फुप्फुसात ठिपका आहे म्हणाले. वाटाण्याएवढा. सुई घालून तुकडा काढायचा, पुढच्या सोमवारी. मग आठवड्याने रिपोर्ट.

डॉक्टर म्हणाले, "आत्तापासून काळजी करू नका." म्हणजे कधीपासून, ते सांगितलं नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं." मग माझे सगळे हिवाळी कपडे बाहेर काढून पुन्हा घडी घालून आत ठेवले.

गुरुवार, २१ मार्च

दोघांना सांगितलं. ठिपका, सुई, सोमवार. या यंत्राचं एक बरं आहे, त्यात रडू येत नाही. "कदाचित पुन्हा कॅन्सर" आणि "साखर जरा कमी" दोन्ही एकाच सुरात निघतं.

सिस्टरने विचारलं, "बरोबर कोण?" म्हटलं, ही येईल. ती म्हणाली, "आणि मी." विचारलं नव्हतं.

मास्तरांनी पाटी पुढे ओढली. मग लिहिलं — "नाव घेऊ का तुमचं? पुतण्याला सांगून."

म्हटलं, "नको." जरा तोडूनच म्हटलं असेन. यंत्रात कळत नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली आणि पाटी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

घरी आल्यावर हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "नाव घेतल्याने तुमचं काय झिजणार होतं?"

काही नाही. तेच तर. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची बोली पुकारली, स्वतःचं नाव कुणी पुकारावं याची सवय नाही.

शनिवार, २३ मार्च

झोप बरी. जेवण बरं. ठिपक्याचा विचार फक्त जागा असताना येतो.

सोमवार, २५ मार्च

नऊची वेळ दिली होती, साडेअकराला घेतलं. हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढे माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

दुसऱ्या मजल्यावर बाकं. चाळीसेक माणसं. एका बाजूला ही, एका बाजूला सिस्टर. सिस्टर डोळे मिटून बसली. तिच्या गळ्यातून श्वास येत-जात होता तो ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने माझाही त्याच चालीने चालायला लागला. मुद्दाम नाही.

दहाच्या सुमाराला मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पाटी नाही. मला वाटलं विसरले. ते समोर उभे राहिले, खिशातून यंत्र काढलं — बाईंनी दिलेलं, अजून प्लास्टिकच्या पिशवीतलं — आणि पिशवी नीट घडी घालून परत खिशात ठेवली. यंत्र गळ्याला टेकवलं. चुकीच्या जागी. नुसतीच घरघर. सिस्टरने डोळे उघडून त्यांचा हात धरला आणि दोन बोटं खाली सरकवला.

मास्तर म्हणाले, "लिलाववाले, तुम्ही नको म्हणालात. मला राहवत नाही. रागवा."

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे माझाच. यंत्रवाल्या सगळ्यांचा एकच.

आणि त्यांनी तिथेच प्रार्थना सुरू केली. उभ्या उभ्या, मोठ्याने, चाळीस माणसांत! एका पोराने आईला विचारलं, "रोबो आहे का?" आईने त्याला गप्प केलं. रिसेप्शनवरची मुलगी उठली, पुन्हा बसली. मास्तर अडखळत होते, "म" आणि "ब" त्यांना अजून वेगळे काढता येत नाहीत, दर ओळीला थांबून भोकातून दम घेत होते. कपाळावर घाम. मान लाल. लाजेने त्यांचं काय होत असेल ते मला दिसत होतं. मंडळींपुढे बत्तीस वर्षं गाजलेला आवाज तो!

शब्द जुन्या वळणाचे, निम्मे मला लागले नाहीत. मधेमधे माझं नाव यायचं. मी मोजत होतो, सवयीने. नऊ वेळा. एकदाही चुकलं नाही.

मी देव मानत नाही. आजही नाही. पण जागचा हललो नाही, आणि हिने माझा हात इतका दाबला होता की सुईचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

संपल्यावर मास्तर बसले. म्हणाले, "डबड्यातूनच झाली."

म्हटलं, "झाली ना!"

गुरुवार, २८ मार्च

वर्गात मास्तर "म" आणि "ब" घोकत होते. बाईंनी त्यांच्या हातातल्या यंत्राकडे बघितलं. विचारलं, इतक्या दिवसांनी कसं काय? मास्तर म्हणाले, "पुतण्या घाईत म्हणतो."

चेहरा उतरलेला वाटला. म्हणाले, झोप नाही.

सोमवार, १ एप्रिल

ठिपका निरुपद्रवी! कधीकाळी छातीत काही होऊन गेलं त्याचा वण. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आज एक एप्रिल आहे हे मला आठवलं.

ही तिथेच, डॉक्टरांसमोर, पदर तोंडाला लावून रडली. मी यंत्र लावून म्हटलं, "आता तुझी वाक्यं अर्धीच राहणार." तिने मला मारलं. हलकेच.

खाली तळघरात जाऊन सांगितलं. सिस्टरने हवा गिळली आणि एका ढेकरेत "छान" म्हटलं, जोडाक्षर नाही तरी तिचं आजवरचं सगळ्यात स्वच्छ. मास्तर उठून उभे राहिले. मला मिठी मारली. बारीक माणूस, पण सोडेना. मी म्हटलं, "मास्तर, देवामुळे नाही हं. तो वण जुना आहे." ते म्हणाले, "असू दे. जुना तर जुना." आणि इतके हसले की भोकातून शिट्टी वाजली.

गुरुवार, ४ एप्रिल

मास्तर वर्गाला आले नाहीत. सिस्टरने मला बाहेर नेलं. तिला आता चार-पाच शब्द सलग येतात, तरी तिने कागदावर लिहिलं.

मास्तरांचाही स्कॅन झाला होता. रिपोर्ट बावीस तारखेला आला. कॅन्सर दोन्ही फुप्फुसांत पसरलाय, आता औषध नाही. रिपोर्टचा अर्थ तिनेच त्यांना लिहून दिला. "तुमची सुई व्हायची होती. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

बावीस. म्हणजे पंचवीसला ते समोर उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. नऊ वेळा माझं नाव. स्वतःचं एकदाही नाही.

ही चपला घालून दारात उभी आहे. त्यांच्याकडे निघतो.