क्रमांक चारला मत

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

तीनशे अकरा पोस्टकार्डं — आणि सगळी एकाच पत्त्यावर! खांदा भरून आला. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटतोय, दिवाळीतही थैली अशी फुगली नव्हती.

पिंप्राळ्यातल्या केबलवाल्या पंडितनं लहान पोरांची नाचाची स्पर्धा काढली आहे. दर रविवारी मंगल कार्यालयात पोरं नाचतात, संध्याकाळी तो ते केबलवर दाखवतो. लोकांनी कार्डावर आवडत्या पोराचा नंबर लिहून पाठवायचा. ज्याची पत्रं कमी, तो घरी. शेवटी जो उरेल त्याला मुंबईला नेणार, दोन महिने शिकवणार, मग मोठ्या टीव्हीवर! एकानं कितीही कार्डं टाकली तरी चालतात म्हणे.

पंडित म्हणाला, "भाऊ, रविवारी येऊन तर पाहा. पोरं पाहू नका, आया पाहा!"

रविवार, १२ नोव्हेंबर

गेलो होतो. आमची भिकुबाई दारातच आडवी आली — "आते या वयमा नाच देखाले जाशात? बठ्ठी गल्ली हासी!" मी म्हटलं, तूही चल. तर म्हणे, "मंग भाकर कोन थापी? तुमना पंडित?"

पंडित खरं बोलला. पोरं स्टेजवर तीन मिनिटं, आया सकाळपासून उभ्या. पोलीस लाइनीतल्या बेबाबाईंनी मुलीचा अंबाडा इतका ताणून बांधला होता की पोरीच्या भुवया वर गेल्या होत्या. खांबाआडून स्वतः सगळे हातवारे करत होत्या आणि वर ओरडणं — "हस! दात दाखव! दात काय घरी ठेवून आलीस?"

चार नंबरचा सिंगा यावलच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याची आई भुरीबाई केळीच्या बागेत मजुरी करते. पहाटेच्या एसटीनं आलेली. दाराजवळ भुईवर बसली, फडक्यात भाकरी. पोराचा नाच काय उसळी मारणारा! जमीनच त्याला वर फेकते असं वाटलं. मी तिला विचारलं, बाई, कोणी शिकवलं याला? ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कोन शिकाडस? पाय शेतस, नाचस."

पाय आहेत, म्हणून नाचतात! घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो.

सात नंबरची चेतना माझ्याच टपालाच्या बीटमधली, तिसऱ्या गल्लीतली. दहा वर्षांची. बाप लीलाधर, ठिबकच्या पाइपांचं दुकान. ही पोर उभी राहिली आणि सगळं कार्यालय गप्प झालं. पंखेच तेवढे ऐकू येत होते. काकडआरतीला ज्योत वर जाताना अंगावर जे येतं ते आलं. खोटं लिहीत नाही — माझे हात आपोआप जोडले गेले.

तिची आई सुगंधाबाई भिंतीला टेकून उभी. ओरडणं नाही, खुणा नाहीत. मुलगी नाचत होती तेवढा वेळ या बाईनं खाली वाकून स्वतःचाच डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. का, ते कळलं नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

कळलं.

उघडं पोस्टकार्ड वाचू नये. मी वाचत नाही, पण डोळ्यांना झाकण कोण घालणार? धुळ्याहून सुगंधाबाईंच्या भावाचं कार्ड होतं. पत्ता पाहता पाहता मागच्या दोन ओळी दिसल्या आणि मग मी रस्त्यात उभा राहून सगळंच वाचलं. पाप ते पापच.

'हाडांच्या डॉक्टरांनी चेतनाचा एक्स-रे फोटो पुन्हा पाहिला. आत्ता नाच थांबवला तर गुडघा बरा होईल. आणखी दोन-तीन महिने ताण दिला तर पाय जन्माचा अधू राहील. लीलाधररावांना नीट सांग.'

म्हणजे ती पोर त्या पायावर नाचत होती! आणि जिंकली तर मुंबई — तिथं रोज सहा-सहा तास.

कार्ड दिलं. सुगंधाबाईंनी उभ्यानंच वाचलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं. "पाणी घेता का, भाऊ?" म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाहता आलं नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर. एकादशी.

शिक्के मारणारा रजेवर, म्हणून कार्डांवर शिक्के मीच मारले. मारता मारता हात थांबला.

चाळीस कार्डं एका अक्षरात. 'ळ'ची गाठ मोठी, शिरोरेषा उजवीकडे चढत गेलेली. हे अक्षर मला अंधारातही ओळखू येईल. दर महिन्याला ही बाई धुळ्याला आईच्या नावानं मनिऑर्डर करते, तो फॉर्म माझ्यासमोर भरते. सुगंधाबाईंचं अक्षर!

आणि सगळ्यांवर लिहिलेलं — 'माझे मत क्रमांक चारला.'

मला आधी वाटलं, बाईंची चूक झाली. सातच्या जागी चार लिहिलं. पण चाळीस वेळा चूक?

उपासाचा दिवस. भगर खाल्ली, चव लागली नाही. भिकुबाई म्हणाली, "कोनं पत्र हराई टाकं का?" मी म्हटलं, नाही, सापडलं आहे.

रविवार, १९ नोव्हेंबर

बेबाबाईंची मुलगी आज गेली. निकाल सांगितला तेव्हा सगळ्यांनी मान खाली घातली. आता ही बाई पोरीला बडवणार असंच वाटलं. बाई ताडताड चालत गेल्या, खाली बसल्या, पोरीचे घुंगरू सोडले. अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले. मग म्हणाल्या, "भूक लागली का गं? वांग्याचं भरीत केलंय." पोर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून घरी गेली.

एकाच माणसात किती आया असतात! देवा, तू हे कसं घडवलंस?

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आज सुगंधाबाईंची बत्तीस. सगळी चारला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

लीलाधरनं दुकानाच्या दारात गाठलं. आत चार नोकर माना खाली घालून कार्डं लिहीत होते — सात, सात, सात. चहा मागवला. मग हळूच:

"पोस्टमनभाऊ, त्या यावलवाल्याची पत्रं फार येतात म्हणे."

"येतात."

"इथूनच कोणीतरी टाकतंय, पंडित सांगत होता. कोणाचं एवढं पोट दुखतं, कळत नाही!" मग हसला. "पत्रं हरवतातच की, भाऊ. पावसात भिजतात. सायकलवरून पडतात."

मी म्हटलं, "सध्या पाऊस नाही, लीलाधरशेठ."

"तुम्हीपण ना! गंमत केली." पण गंमत नव्हती. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "माझी पोर आहे हो ती. तिच्यासारखी नाचणारी जळगाव-धुळ्यात नाही. तिचं भलं व्हावं, एवढंच." आवाज ओला होता. हा माणूस वाईट नाही. याला पोरीचे पाय दिसतात, गुडघा दिसत नाही.

चहा अर्धा तसाच राहिला.

शनिवार, २५ नोव्हेंबर

आज लीलाधरच्या घरी रजिस्टर पत्र होतं. सही करताना पेन थांबवून सुगंधाबाई म्हणाल्या, "भाऊ, माझं अक्षर तुम्ही ओळखता."

मी म्हटलं, "ताई, मी फक्त पत्ता वाचतो."

त्या हसल्या. बाईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग ओट्यावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. ह्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणतात, एवढी स्पर्धा होऊ दे, डॉक्टर लोक घाबरवतातच. पोरीला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, पाय मुळीच दुखत नाही.

"तुम्ही आई आहात. घरात कोंडून ठेवा," मी म्हटलं.

"मला कोंडलं होतं, भाऊ. मी गायचे. अकराव्या वर्षी आईनं पेटी विकून टाकली — 'बस झालं' म्हणाली. तिचंही बरोबर असेल. पण आज वीस वर्षं झाली, पैसे पाठवते तिला, बोलावंसं वाटत नाही." पदरानं ओट्यावरची धूळ पुसली. "चेतना हरून थांबली तर चार दिवस रडेल. मी थांबवलं तर, मी आईकडे बघते तशी जन्मभर माझ्याकडे बघेल. म्हणून लोकांच्या हातानं थांबवतेय."

"आणि तिला कळलं तर?"

"तर मी गेलेच."

घरी आलो. आमच्या शोभाचं लग्न मी सोळाव्या वर्षी धुळ्याला करून दिलं. स्थळ चांगलं, ती सुखात आहे. पण सातवीत पहिली आलेली पोर होती. मी तिला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आणि ही बाई स्वतःच्या लेकीविरुद्ध रोज कार्डं लिहिते, रोज टपालपेटीत टाकून येते आणि घरी येऊन तिच्याच घुंगरांच्या दोऱ्या शिवते!

असली माया मी पोथीतही वाचली नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर

आता दोनच उरले. चार आणि सात. पुढच्या रविवारी शेवट.

शनिवार, २ डिसेंबर

शेवटची थैली. नऊशेच्या वर कार्डं, दोन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या खेपेला मारुतीच्या देवळाशी सायकल लावली, थैली खांद्यावर तशीच ठेवून हात जोडले. काय मागावं कळेना. एका पोरीनं हरावं असं देवापाशी मागता येतं का? शेवटी म्हटलं, 'तुला आहे ते ठाऊक आहे', आणि निघालो.

एकही कार्ड हरवलं नाही. हे मात्र इथं लिहून ठेवतो.

रविवार, ३ डिसेंबर

भिकुबाईही आली! "मालेबी देखू द्या, कोन एवढी नाचस ते." पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सिंगा नाचला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग चेतना. आज ती अशी नाचली — शब्द नाहीत माझ्याकडे. शेवटची गिरकी डाव्या पायावर होती. मी सुगंधाबाईंकडे पाहिलं. बाईंचे ओठ हलत होते, हात गुडघ्यावर. पण डोळे! त्या डोळ्यांत काळजी नव्हती. पोरगी काय नाचते, हे जगात सगळ्यांत जास्त कोणाला दिसत असेल तर ते त्या बाईला. आणि तिनंच तिच्याविरुद्ध शेकडो कार्डं लिहिली होती! गिरकी पुरी झाली तेव्हा सगळ्यांत आधी टाळी तिनं वाजवली.

भिकुबाई डोळे पुसत होती. "या पोरले हारवी असा कोन शे?"

पंडितनं माइकवर आकडे वाचले. नऊ पत्रांचा फरक. चार नंबर जिंकला!

लीलाधर "परत मोजा, परत मोजा" म्हणत पुढे धावला. परत मोजलं. नऊच. मग चेतना स्टेजच्या पायऱ्या उतरू लागली आणि दुसऱ्या पायरीवर बसूनच गेली. गुडघा नारळाएवढा सुजलेला. लीलाधरनं तो पाहिला. खरं तर आजच पहिल्यांदा पाहिला. पोरीला उचललं आणि गर्दीतून वाट काढत नेलं. सगळा वेळ "सरका हो, सरका हो" एवढंच म्हणत होता.

भुरीबाईला पंडित समजावत होता, सिंगाला मुंबईला न्यायचं. ती म्हणाली, "तो जाई ते मी बी जासू." पंडित म्हणाला, आयांची सोय नाही. "मन्ही सोय मी करसू. तुना बाप करी का?" सगळे हसले. पंडितही हसला. आता आई जाणार.

सुगंधाबाई माझ्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. चेहरा पांढराफटक. "नऊचाच फरक, भाऊ. माझीच पत्रं ती," एवढं म्हणाल्या.

मंगळवार, ५ डिसेंबर

चेतनाला धुळ्याला नेलं. लीलाधर स्वतः घेऊन गेला. दुकान बंद.

शुक्रवार, २२ डिसेंबर

सुगंधाबाई भेटल्या. पायाला प्लॅस्टर आहे, पाय वाचेल असं डॉक्टर म्हणाले. मी 'चांगलं झालं' म्हटलं. त्या म्हणाल्या, "ती रडली नाही हो, भाऊ. एकदाही. चार दिवस रडेल म्हणून मी तयारीत होते. रडली असती तर बरं होतं. रात्रंदिवस वाटतं, हिला कळलंय."

मी धीर दिला. कळणार कसं?

शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

चेतना ओट्यावर उन्हात बसली होती, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर. घरात कोणी नव्हतं. मी पत्र हातात दिलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली:

"काका, खूप दुखायचं. पण पप्पा नाराज झाले असते. आणि आई इतकं लिहायची, तरी मीच जिंकत होते. म्हणून शेवटच्या आठवड्यात चार नंबरला मीपण दहा टाकली. आईला सांगू नका हं — तिला वाटतं मला काही माहीत नाही."