सांभाळ कायदा, कलम दोन

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पूर्ण साष्टांग घातला तर मला उठवायला घरात कोणी नाही, म्हणून नुसता वाकून केलाय असं समज.) तुझे गुडघे, भाऊजींचं पित्त आणि भाचीची परीक्षा यांतलं जे जे मार्गी लागायचं होतं ते लागलं असेल अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम. मी मजेत आहे. काळजी नसावी.

परवा फोनवर तू विचारलंस, मदतनिसाचं काय झालं, आणि मी ‘सांगतो’ म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. तेवढ्यात बाबांनी पेटत्या गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात चहा उकळायची वाट बघत उभे होते. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, ते झोपलेत, माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत. तर ऐक.

आपल्या विधानसभेनं दुर्बल प्रौढांच्या आरोग्याचा आणि संरक्षणाचा कायदा केला, हे तू वाचलं असशीलच. नाव वाचताना धाप लागते म्हणून लोक त्याला सांभाळ कायदा म्हणतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एकहाती करणाऱ्याला सरकारी मदतनीस मिळणार, रोज चार तास. चार तास, ताई! मी त्यांची यादीसुद्धा केली होती: पहिली झोप, दुसरी झोप, तिसरं केस कापणे. चौथं सुचायच्या आत मला झोप लागली. अर्ज अकरा पानी. सोबत जोडायचे कागद सतरा, त्यातला एक असा की बाबा हयात आहेत हे बाबांनीच लिहून द्यायचं. (दिलं. वर त्या नमुन्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या.) आणि शेवटची अट म्हणजे घरी पाहणीवाल्या बाई येणार, तीस प्रश्न विचारणार, बाराच्या खाली गुण पडले तरच मदतनीस मंजूर. आपण दोघं लहान असताना बाबा आपल्या निकालाच्या दिवशी जेवत नसत. तसा मी, ते नापास व्हावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलो.

खरं तर काळजीचं कारण नव्हतं. चष्मा साखरेच्या डब्यात सापडतो. रोज चार वाजता आई कुठे गेली म्हणून विचारतात, आणि रोज मी ‘येईल इतक्यात’ म्हणतो. गेल्या सात महिन्यांत मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही, मला ते छापखान्यातला फोरमन समजतात. (अडतीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रुफं तपासली, तिथला कुणी असेल. माणूस बरा असावा, माझ्याशी नीट वागतात.) असा माणूस नापास होणार नाही तर कोण होणार? तरी शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, त्या दिवशी त्यांची दाढी करू नकोस, अवतार तसाच राहू दे. तसाच ठेवला. पण सरकारी माणूस येणार हे बाबांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. मी दूध घेऊन परत येतो तो काय, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट (माझा), खिशाला लाल पेन्सिल, आणि स्वारी खुर्चीत ताठ!

बाईंनी वार विचारला, बरोबर सांगितला. तारीख, महिना, मजला, गल्ली, सगळं बरोबर. शंभरातून सात-सात वजा करायला लावले तर असे सुटले की बाईंनाच बोटं मोजायची पाळी आली. मला राहवेना. मी मध्येच म्हटलं, अहो, एरवी हे असे नसतात, मंगळवारी जरा तरतरीत असतात. बाई म्हणाल्या, आज गुरुवार आहे. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन पायांत दोन चपला होत्या, त्यातली एक काकूंची. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन ओटाभर झालं होतं. ते पुसून बाहेर आलो, क्षणभर टेकलो आणि, खोटं कशाला सांगू, बाईंच्या समोर चक्क घोरलो.

जाग आली ती बाबांच्या आवाजानं. बाईंकडची कायद्याची प्रत मांडीवर घेऊन, ओळीखालून पेन्सिल फिरवत ते कलम दोन वाचत होते: दुर्बल म्हणजे अशी कोणतीही प्रौढ व्यक्ती, जिला स्वतःचं जेवण, झोप आणि औषध यांची काळजी घेता येत नाही. वाचून झालं आणि पेन्सिल माझ्याकडे वळली. “बाई, ही व्याख्या आमच्या फोरमनची आहे. तुम्ही माझ्यावर कशाला वेळ घालवताय?” मग त्यांनी पाढाच वाचला. हा तीन वाजता उभ्यानं जेवतो. मला माझ्या गोळ्या देतो, स्वतःची रक्तदाबाची विसरतो. मोरीत नळ सोडून रडतो, पाणी फुकट जातं. याच्या घरचं कोणी नाही का हो?

मला वाटायचं, नळाच्या आवाजात बाहेर ऐकू जात नसेल. फार लाज वाटली, ताई. आणि खरं सांगू, कुणीतरी ऐकत होतं याचं बरंही वाटलं.

बाईंनी पिशवीतून दुसरा अर्ज काढला आणि तेच तीस प्रश्न मला विचारले. निकाल असा: बाबांना तीसपैकी सत्तावीस, मला अकरा. मदतनीस मंजूर झालाय, पण माझ्यासाठी, आणि माझा सांभाळकर्ता म्हणून सही-शिक्क्यानिशी बाबांची नेमणूक झालीय. त्यांनी ती भलतीच मनावर घेतलीय. काल सकाळी मला उठवून गोळी दिली (त्यांचीच होती, ती मी त्यांना परत चारली), माझ्या अंगावर पांघरूण घातलं, आणि चार वाजता विचारलं, आई कुठे गेली.

असो. आत खुडबूड सुरू झालीय. भाऊजींना नमस्कार, भाचीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा (हल्ली फोरमन)

ता. क. : कलम नऊ म्हणतं, सांभाळकर्ता ऐंशीच्या वर असेल तर रक्ताच्या जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांत समक्ष येऊन सही करायची, नाहीतर मंजुरी रद्द. असं नातं आता एकच उरलंय. सही मिनिटभराची आहे. आठ दिवस राहावं असं कायद्यात कुठे नाही, ते माझं म्हणणं. अगदीच जमत नसेल तर राहू दे, मी बघतो काहीतरी.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करायच्या आत पत्र बाबांच्या हाती लागलं. सवयीनं ओळ न् ओळ तपासलं. सगळ्या पत्रात लाल खूण एकच आहे. पहिल्या परिच्छेदातलं ‘मी मजेत आहे. काळजी नसावी’ खोडलंय, आणि समासात त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: मजकूर मूळ प्रतीशी जुळत नाही. अडतीस वर्षांत त्यांची दुरुस्ती कुणी नाकारली नव्हती, म्हणून मीही ती तशीच ठेवली आहे.