योरीनची पाठराखीण

प्रिय योरीन,

आधी आला तो तुझ्या विद्यापीठातला अमेरिकन, आणि तोही पुढच्या दारानं. आपलं पुढचं दार लग्नाला नाहीतर मयताला उघडतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या आजोबांना नेल्यापासून त्या दाराची कडी कुणी काढली नव्हती. हा वेंडेल बाहेरून ढकलतोय, मी आतून ओढतेय, आणि समोरची मात्ये ॲप्रनवरच धावत आली, 'तानेत्ये, कोण गेलं गं?' म्हणत. मी म्हटलं, 'गेलं कुणी नाही, आलंय. तू आधी दाराला हात लाव.' तोवर तुझ्याबरोबर काम करणारा फोल्केर्ट मागच्या दारानं आत येऊन, बूट काढून, स्वयंपाकघरात उभा होता. एवढा उंच मुलगा, दिव्याला डोकं आपटलं असणार, कारण मी आत गेले तेव्हा दिवा अजून हलत होता.

तर शनिवारी हे असे दोघे आले, आणि तेव्हापासून मला चैन नाही. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हापासून दोनदा उठले. एकदा खिडकीची फळी पुसली, ती स्वच्छच होती. बोटांना काम हवं असतं माझ्या. करंदी सोलायला असती तर बरं झालं असतं, पण आता करंदी घरोघर देत नाहीत, जहाजात भरून लांब कुठल्या देशात सोलायला पाठवतात आणि परत आणतात. याच्यावर तुम्ही विद्वान लोक का लिहीत नाही?

कॉफी केली. रीतीप्रमाणे एकेक बिस्किट दिलं आणि डब्याला झाकण लावलं. वेंडेलनं आपलं खाल्लं, झाकण उघडलं आणि आणखी तीन घेतली, अगदी सहज. मी बघतच राहिले. फोल्केर्ट म्हणाला, 'आजी, योरीनच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण याच्यावरच आहे, न विचारता घेणाऱ्या अमेरिकेवर.' वेंडेल तोंडात बिस्किट असताना म्हणाला, 'आणि तिसरं तुम्हा डच लोकांवर. मनात नाही असतं, तोंडानं बघू म्हणता.' मी इतकी हसले की मात्येनं पुन्हा पडदा सरकवून पाहिलं. गोड आहेत गं पोरं. वेंडेल आपली भाषा बोलतो ती पुस्तकातली, इस्त्री केल्यासारखी, पण चुकला तरी थांबत नाही. त्याचं मला फार नवल वाटलं.

मात्येनं तुझा पेपरातला फोटो कापून ठेवलाय, तिच्याकडे आल्या-गेल्याला दाखवते, जशी काही तुला तिनंच वाढवलं. टीव्हीवर तू युरोप आणि अमेरिकेचं कुठे बिनसलंय ते सांगत होतीस, तेव्हा मी आवाज इतका मोठा केला की पलीकडच्या घरातून भिंत ठोकली. निम्मं मला कळत नाही. पण तू वाक्याच्या मध्ये श्वास कुठे घेतेस ते कळतं, लहानपणी घेत होतीस तिथेच. ब्रसेल्सला दोन वर्षं, वॉशिंग्टनला एक, लायडनला चार. लहान देशांनी अमेरिकेला नाही कसं म्हटलं आणि तरी दोस्ती कशी राखली, एवढ्यासाठी सात वर्षं. मी मात्येला म्हटलं, आम्हाला नवऱ्याला नाही म्हणायला शिकायला त्याहून जास्त लागली.

आता ते का आले ते सांगते. मी सारखी दुसरीकडे जाते, तुला दिसतच असेल. तुझ्या डॉक्टरेटच्या परीक्षेच्या दिवशी त्या मोठ्या दालनात तुझ्या दोन बाजूंना दोन पाठराखे उभे राहायचे, एक फोल्केर्ट आणि दुसरी मी, असं तू ठरवलंस, आणि मी फोनवर नाही म्हटलं. महिनाअखेरीपर्यंत विद्यापीठात नावं द्यायची आहेत. फोल्केर्ट म्हणाला, 'आजी, तिनं दुसऱ्या नावाची जागा कोरी ठेवलीय. मी दोन जण सुचवले, ती ऐकत नाही. तिला वाटतं तुम्हाला तिचं हे कामच आवडत नाही. वॉशिंग्टनची नोकरी घेऊन ती जाणार, म्हणून तुम्ही रुसलात.' योरीन, किटली माझ्या हातात होती, ती मी तशीच धरून उभी राहिले. असं वाटलं तुला? मग फोनवर विचारलं का नाहीस?

मी त्याला म्हटलं, माझा गुडघा. मग म्हटलं, काळा पोशाख नाही, होता तो मात्येच्या नणंदेला दिला. मग म्हटलं, त्याच दिवशी मात्येच्या बहिणीचा वाढदिवस आहे. फोल्केर्ट मान हलवत ऐकत होता. म्हणाला, 'योरीन आम्हाला एक गोष्ट नेहमी सांगते. एखाद्या सरकारनं एकच कारण दिलं तर ते खरं असू शकतं. तीन दिली तर चौथं शोधायचं.' तूच शिकवलंस त्याला हे! मला फार राग आला आणि फार अभिमान वाटला, दोन्ही एकदम. मी उठून पुन्हा कॉफी ठेवली, कपात अजून होती तरी.

तू आठ वर्षांची असताना तुझी आई इस्पितळात होती आणि तू वर्षभर माझ्याकडे होतीस, आठवतं? जेवणानंतर बायबलचं पान वाचायचं, ते आधी आजोबा वाचत. ते गेले, मग मी तुला म्हणायचे, तू वाच, माझा चष्मा वरच्या खोलीत राहिला. तू जिना चढून आणायला धावायचीस आणि मी ओरडायचे, राहू दे, राहू दे, तुझा आवाज छान आहे. मग पेपरही तूच वाचायला लागलीस. मी करंदी सोलायची, तू टेबलाच्या त्या टोकाला बसून मोठ्यानं वाचायचीस. कुठला मंत्री कुठे रागावला, अमेरिकेच्या अध्यक्षानं कुणाला फोन केला. 'आजी, ते असं का म्हणतात?' मी म्हणायचे, मला काय ठाऊक, पुढे वाच. तू पुढे वाचत गेलीस ती थेट इथवर.

तर फोल्केर्टनं पिशवीतून एक कागद काढला. तुझ्या प्रबंधाबरोबर छापलेली ती विधानं, परीक्षेत ज्यांच्यावर प्रश्न विचारतात ती, अकरा की बारा. म्हणाला, 'वाचून बघा, शेवटचं मजेशीर आहे. प्राध्यापक कधीकधी पाठराख्यालाच उभं करून एखादं मोठ्यानं वाचायला लावतात, म्हणून आणलाय.' मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, माझा चष्मा वरच्या खोलीत राहिला. वेंडेल म्हणाला, 'आजी, तो तुमच्या नाकावर आहे.' फोल्केर्टनं त्याला टेबलाखाली लाथ मारली, पण लागली मला.

मग वेंडेलनंच बोलायला घेतलं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी वर्गात त्याला डच वाचायला लागायचं. पोरं हसायची. मग तो आदल्या दिवशी शेजारणीकडून ऐकून पाठ करायचा आणि कागद फक्त हातात धरायचा. मी म्हटलं, मला सगळी स्तोत्रं अशीच येतात. चर्चमध्ये पुस्तक उघडं धरते, पान कुठलं का असेना. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते गं, तुझ्या आजोबांनाही नाही, आणि बोलले कुणाशी, तर डबा रिकामा करणाऱ्या परक्या पोराशी. जाताना फोल्केर्ट म्हणाला, 'आम्ही तिला काही सांगणार नाही, आजी. हे तुमचं तुम्ही सांगा.'

म्हणून हे लिहितेय. मला अकराव्या वर्षी शाळेतून काढलं, करंदी सोलायला हात कमी होते. त्याआधी एकदा बाईंनी मला उभं करून वाचायला लावलं, मी पहिल्याच ओळीत अडकले, आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मनात, सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचते, लिहितेही तशीच सावकाश. मोठ्यानं कधी नाही. मला भीती तुझ्या अमेरिकेची नव्हती, त्या कागदाची होती. वॉशिंग्टनला तू जा. तिथूनही फोन लागतो, आणि पोर लांब गेलं की कसं वाटतं ते वेंडेलच्या आईला कळलंय, आता मलाही कळू दे. पण आधी त्या कोऱ्या जागेत माझं नाव घाल. काळा पोशाख मात्येच्या नणंदेकडून परत मागितलाय, तोंड वाकडं करत देते म्हणाली. कुणी मला वाचायला उभं केलंच आणि मी अडकले, तर तू पुढचा शब्द सांगू नकोस. थांब. मी काढीन. गुरुवारी सव्वादहाच्या गाडीनं फोल्केर्ट आणि वेंडेल परत येणार आहेत, मला बाराच्या बारा विधानं ऐकवायला.

तुझीच, आणि त्या दिवशी तुझ्या डाव्या हाताला उभी राहणारी,
आजी तानेत्ये