पिवळ्या फ्रॉकवालीची कॅसेट

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. निखिल म्हणतो, स्पीकरवर भजनं लावू. तुम्ही जन्मात कधी भजन ऐकलंत? डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलेय. चौथी शिकलेलीचं शुद्धलेखन आहे, चालवून घ्या.

तुमचं ते जपानी पोरींच्या गाण्यांचं खोकं आठवतं? लग्नाआधी तिकडे ट्रेनिंगला होतात, तेव्हा दुकानाबाहेरच्या टोपलीतून उचललेल्या कॅसेटी. गाजलेल्या पोरींच्या नाहीत, ज्यांना तिथंही कुणी विचारलं नाही त्यांच्या. "कुणी घेईना, म्हणून मी घेतल्या," म्हणायचात. आणि इथं जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, गाड्यांच्या प्लांटमधून आलात की हेडफोन लावून एकटेच ऐकत बसायचात. मी विचारलं की, "तुला काय कळणार त्यातलं?" वा! तुम्हाला तरी कुठं जपानी येत होतं? चहा मागण्यापुरतं!

परवा सकाळी खिडकीतून बघते तर खोकं खाली फुटपाथवर! वर चिठ्ठी, हवं त्यानं न्यावं म्हणून. नको झालेलं सामान असं बाहेर ठेवायची इथली रीत, चिरंजीवांनी बरोबर उचलली. वरच्या मजल्यावरचा म्हातारा वाकून कॅसेटी चाळत होता. मी स्लिपरवरच धावले. "नाइन! नाइन!" नाही, नाही म्हणत खोकं ओढलं. बिचारा हात वर करून बाजूला झाला.

निखिल म्हणाला, "आई, कोण ऐकणारे ते?"

"मी!"

आणि ऐकलं. हेडफोन काढून, मोठ्यानं. पहिलीच ती, कव्हरवरच्या फोटोतली पिवळ्या फ्रॉकवाली. मधेच तिचा आवाज चिरकतो, पण थांबत नाही हो, तशीच रेटते पुढे. मला आवडली! नावं वाचता येत नाहीत, म्हणून मी कॅसेटींवर टिकल्या चिकटवल्यात. लाल म्हणजे नाचायची. हिरवी, पोळ्या लाटतानाची. काळी, तुमची फार आठवण येत असेल त्या दिवशी लावायची नाही.

निखिलची मीरा सोफ्यावर उड्या मारत ओरडते, "आजी, नोखमाल!" परत एकदा लाव म्हणून. चार वर्षांच्या पोरीला कळतं, मला कळतं. मग तुम्ही इतकी वर्षं एकट्यानं का ऐकलंत? एकदा माझ्या कानाला लावला असतात तो हेडफोन, तर काय बिघडलं असतं?

सूनबाई म्हणते, "आई, श्राद्धाला जपानी गाणी? लोक काय म्हणतील?" काय म्हणतील? जेवतील आणि जातील! वर्षभरात या लोकांनी तुमचा पार साधू करून टाकलाय. "फार सात्त्विक माणूस." सात्त्विक! दाढी करताना कमरेवर हात ठेवून ठुमकणारा माणूस! माझा नवरा असा पुसू देणार नाही मी कुणाला.

तेव्हा शब्द देते. उद्या तुमचं पान वाढलं की आधी पिवळ्या फ्रॉकवाली लागणार, पूर्ण आवाजात. टेप अडकली तर पेन्सिल घालून फिरवीन, पण लावीन. आणि ज्याला भजन हवं असेल, त्यानं कानाला हेडफोन लावावा.

तुमचीच,
कुसुम