साबणाने धुतलेली साठ अंडी

४ डिसेंबर

पुन्हा तेच! काही विचारलं की वस्तादचं उत्तर ठरलेलं — "तीस वर्षं अंडी कच्चीच घालतोय, कोणी मेलं का?" अरे, मेलेला माणूस तक्रार करायला येतो का? पण हे त्याला कोण सांगणार? तो वृद्धाश्रमाचा मुख्य आचारी, मी भांडी घासणारा.

शनिवारी इथल्या आजी-आजोबांचा मेळावा. एगनॉग हे विलायती पेय करायचं. दूध, साय, साखर, जायफळ आणि साठ कच्ची अंडी, फेसून थंडगार. नर्सबाईंनी भिंतीवर कागद लावलाय — कच्ची अंडी टाळा. वस्तादने त्यावर कॅलेंडर टांगलं!

५ डिसेंबर

मीच मोठा शहाणा! साठच्या साठ अंडी साबणाने घासून धुतली. नर्सबाई पोट धरून हसल्या. "जंतू आतसुद्धा असू शकतात रे. आतून कसा घासणार?" मग गंभीर झाल्या. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका — यांना कच्चं अंडं नकोच.

गरोदर म्हणाल्या आणि माझ्या हातातला ब्रश पडला.

वहिनीला सातवा महिना. ऑगस्टमध्ये मीच घरी फोनवर फुशारकी मारली होती. दुधात कच्चं अंडं फेटून द्या, ताकद येते, आमचे वस्ताद सांगतात! तेव्हापासून आई रोज सकाळी वहिनीला पेलाभर देते. अंड्यांचे आठशे दर महिन्याला मीच पाठवतो. विकतचं दुखणं!

६ डिसेंबर

फोन केला. वहिनी बरी ना? आई म्हणाली, "ठणठणीत! तुझा पेला एक दिवस चुकवत नाही हो." कच्चं देऊ नको, एवढं सांगायचं तेच टाळलं. थंडी किती, पाणी येतं का, असलं बोलून ठेवला. गाढव आहे मी.

७ डिसेंबर

नर्सबाईंनी अंडी शिजवून एगनॉग करायची रीत सांगितली, स्वयंपाकाचा थर्मामीटरही दिला. दूध-अंडी मंद आचेवर, एकाहत्तर अंशांपर्यंत. पहिलं पातेलं — गुठळ्याच गुठळ्या! वस्ताद म्हणतो, "वा! पेल्यात देणार की सुरीने कापून?"

दुसऱ्यांदा, फेटलेल्या अंड्यांत गरम दूध थोडं थोडं ओतलं. मग आचेवर ठेवून ढवळत राहिलो, हात भरून आला. चमच्याच्या पाठीवर दाट थर बसला, काटा एकाहत्तरवर! पातेलं लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फ्रिजमध्ये. वस्तादने चाखलं. परत चाखलं. "जायफळ कमी आहे." बस, एवढंच. म्हणजे जिंकलो!

त्याच तोऱ्यात घरी फोन लावला, नाहीतर परत घाबरलो असतो. "आई, माझं चुकलं. कच्चं देऊ नको. वहिनीला डॉक्टरीणबाईंना दाखव." आई म्हणाली, "मी माझ्या हाताने देत होते रे." आणि फोन ठेवून दिला.

८ डिसेंबर

मेळावा झाला. पातेलं चाटूनपुसून साफ. एक आजोबा तीनदा आले, दर वेळी वेगळी टोपी घालून! वस्ताद ज्याला त्याला सांगत होता, "आपलाच चेला." भिंतीवरचं कॅलेंडरही त्यानेच काढलं. माझं लक्ष सगळं फोनकडे. घरून काही नाही.

९ डिसेंबर

वहिनीचा फोन! काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं छान आहे. मग एकदम हळू आवाजात — "भावजी, रागावू नका हं. एक घोटसुद्धा घेतला नाही मी. वासानेच मळमळायचं. सगळं मांजरीला घातलं." मांजरीला चार पिल्लं झालीत, एकेक लोण्याचा गोळा! आईला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली.

पाठवतोय. अंड्यांचे नेहमीचे आठशे, आता शिजवून खायला. वर घरी थर्मामीटर घ्यायला चारशे. एकूण बाराशे.