डाव्या वळणाची गोगलगाय

८ डिसेंबर
पोहोचले एकदाची! बोटीतून उतरताना पाय घसरून बर्फावर जी बसले, ती हसूच आवरेना. उचलायला तिघं धावली, आणि इथं राहणारी माणसंही तेवढीच. दक्षिण ध्रुवाकडच्या या संशोधन स्थानकाच्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात, पाणबुड्याला दादा. तिसरा आचारी. त्याने माझी पेटी काढून घेतली आणि आधी चहा, मग समुद्र, असं बजावलं. खोली म्हणजे काडेपेटी आहे. पलंग, टेबल, एक खिडकी, आणि खिडकीत सूर्य. तो म्हणे मी परत जाईपर्यंत मावळायचाच नाही.

टेबलावर चिमणीचा फोटो लावला. शाळेचा निळा स्वेटर, खिशावर शाळेचं नाव, समोरचा एक दात पडलेला आणि डाव्या गालावर तीळ. माझ्या आईचा हा तीळ मला वगळून थेट नातीकडे गेला. पोरीला बापाच्या गळ्यात टाकून आले खरी, पण निघताना तिनेच फर्मावलंय की रिकाम्या हाताने आलीस तर दार उघडणार नाही.

११ डिसेंबर
समुद्राच्या तळाशी कोण कोण राहतं त्याची नोंद करणं, हे आमचं काम. दादा बर्फाच्या भोकातून खाली उतरतो आणि जाळीच्या पिशवीत तळ खरवडून आणतो. मग बाई आणि मी गार पाण्याची ताटं घेऊन धान्य निवडावं तसं निवडायला बसतो. तारामासे इकडे, समुद्रकाकड्या तिकडे, तळहाताएवढे समुद्री कोळी तिसरीकडे. मला वाटलं होतं या थंडीत खाली सगळा शुकशुकाट असेल, तर ही भरलेली बाजारपेठ निघाली.

एखाद्या जिवाची ओळख पटली नाही तर आमच्या धंद्यात एक रीत आहे. त्याला त्यातल्या त्यात जवळच्या वाटणाऱ्या ओळखीच्या जिवासमोर ठेवायचं, काचेला काच भिडवून, आणि दोघांना जिवंतपणीच ताडून बघायचं. नव्या सुनेला थोरल्या जावेसमोर बसवल्यासारखं, असं बाई म्हणतात. त्यांच्या घरात थोरली जाऊ त्याच होत्या म्हणे, तेव्हा त्यांना माहीत असणार.

१४ डिसेंबर
दादाने आज एक गंमत आणली. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेला राखाडी गोळा, मळलेल्या कणकेचा असावा तसा. तोंड नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. टोचलं तरी हूं की चूं करत नाही. मी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. गोगलगाईंचाच कुणीतरी लांबचा नातेवाईक असेल म्हणून एका मोठ्या गोगलगाईसमोर काचेला काच लावून ठेवला.

१९ डिसेंबर
ठोंब्या गायब, आणि त्याच्या टाकीत गोगलगाय! पण कसली? गोगलगाईचा शंख टोक वर धरून समोर घेतला की तोंड उजव्या हाताला येतं. हिचं डाव्या हाताला आहे. लाखात एखादीच अशी निघते. ठोंब्या म्हणजे हिचं अंड्याचं कवच असणार, असं मी ठरवून टाकलं. बाई म्हणाल्या, जरा दमाने घे, पुरावा कुठे आहे. मी म्हटलं हातच्या काकणाला आरसा कशाला. समोरची जुनी गोगलगाय मात्र मलूल झाली आहे. पाणी बदललं. दादाने आणखी ठोंबे आणलेत, भोकाजवळच्या खोपटात त्यांची टाकी ठेवली आहे. तिथेच बाकावर बसून तो चहा पितो.

२२ डिसेंबर
आज बोट आली आणि गेली. प्रत्येक नव्या जिवाचा एक जिवंत नमुना घरच्या संस्थेकडे जातो. बाईंचं म्हणणं होतं की अजून पुरतं कळलेलं नाही, पुढच्या बोटीने पाठवू. मी कुठली थांबतेय! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हट्ट करून एक ठोंब्या पाठवलाच. संस्थेच्या थंड टाक्या माझा नवराच सांभाळतो आणि चिमणी शाळा सुटली की त्याच्याकडेच असते. रिकाम्या हाताने नको म्हणाली होती ना, मग घे म्हणावं.

३ जानेवारी
मन थाऱ्यावर नाही. जुनी गोगलगाय मेली. शंख उचलला तर फुंकर मारली तरी उडेल इतका हलका. आत वाळलेला एक पापुद्रा होता, बाकी काही नाही. मग डावीला कापलं. हे आधीच करायला हवं होतं. आत आतडं नाही, हृदय नाही, वरपासून खालपर्यंत सगळा तोच राखाडी लगदा. तोंड म्हणजे नुसती चीर, पलीकडे जाणारी वाटच नाही.

ती गोगलगाय नव्हती. ठोंब्याच होता. समोर जे दिसेल ते तो होतो. आरशात दिसावं तसं, उलट. आणि समोरच्याला आतून रिकामं करतो.

खोपटातल्या टाकीतले सगळे ठोंबे आम्ही उकळत्या पाण्यात टाकले. दोन-तीन कमी भरले, दादा म्हणाला त्याचीच मोजणी चुकली असेल. घरी ताबडतोब कळवायचं तर कालच्या वादळात संदेश पाठवायचं यंत्र जळालेलं. येणारे संदेश येतात, इथून एक अक्षर जात नाही. दुष्काळात तेरावा महिना. पुढची बोट महिनाअखेरीला.

५ जानेवारी
नवऱ्याचा संदेश आला. नमुना सुखरूप पोहोचला. चिमणी वेडी झाली आहे, शाळेतून आली की स्टूल ओढून काचेला नाक लावून बसते. तिनेच खाली एक ओळ लिहायला लावली आहे.

"आई, त्याला डोळे नाहीत तरी तो माझ्याकडेच बघतो."

दुपारभर यंत्राशी झटापट केली. आचारी शेजारी पक्कड घेऊन उभा होता. बोटं भाजली. काही झालं नाही.

८ जानेवारी
गोगलगाय बोटभर असते, तिलाच पाच दिवस लागले. माणसाला वेळ लागेल. बरेच दिवस लागतील. तोवर बोट येईल. हेच घोकते आहे.

दादा दोन दिवस गप्प होता. आज जेवायला बसला, पण ताटाला हात लावला नाही. आचाऱ्यासमोर बसून त्याच्याकडे बघत राहिला. दादाच्या उजव्या भिवईवर जुन्या टाक्याची खूण आहे.

डाव्या भिवईवर होती.

१० जानेवारी
आचाऱ्याला खोपटात बाकामागे सापडला. आमचा दादा. आचाऱ्याने उचलून आणला तो एका हातावर, घडी घातलेल्या कापडासारखा. चेहरा ओळखू येत होता. भिवईवर खूण, डावीकडे. आचारी हमसून हमसून रडला. दुसरा दादा दारात उभा राहून बघत होता.

माणसाला दिवस लागत नाहीत. मी चूक होते.

१२ जानेवारी
बाईंनी त्या दुसऱ्या दादाला खोपटात घातलं आणि बाहेरून कडी लावली. म्हणाल्या, कुणाच्याही समोर बसायचं नाही, पाठ करून बसायचं. भिंतीकडे तोंड करून आम्ही तिघं जेवलो. कोण चावतंय ते ऐकत. मी, बाई आणि—

तिसरा आवाज नव्हता.

१४ जानेवारी
आचारी आता पळी डाव्या हातात धरतो. रांधतो, वाढतो. मीठ नाही, चव नाही. खोपटाची कडी कुणीतरी काढली आहे.

घरून संदेश नाही. रोज यंत्रासमोर— नाही, यंत्राकडे पाठ करून बसते. सगळ्याकडेच पाठ. चिमणीला गोष्ट सांगताना ती पाठ फिरवू द्यायची नाही. माझ्याकडे बघून सांग म्हणायची. देवा, कुणीतरी तिला ते स्टूल—

१६ जानेवारी
बाई हाका मारतात. दार उघड म्हणतात. कालपर्यंत मला अगं म्हणायच्या. आज नुसतं नाव घेतात, एकाच सुरात.

घरचा संदेश आला आहे. फोटो आहे. उघडायचा धीर

१७ जानेवारी
उघडला.

नवरा लिहितो, चिमणी फार शहाणी झाली आहे. हट्ट नाही, रडणं नाही. खात नाही पण वाळतही नाही. ठोंब्या बहुतेक पाण्यात विरघळला, टाकी रिकामी आहे. घासायला घेतली तर मागे पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी पडलं होतं, प्लास्टिक असावं, झाडून टाकलं. आता ती संध्याकाळभर माझ्यासमोर बसून असते, तू आलीस की तुलाही नवल वाटेल.

फोटोत तीळ उजव्या गालावर.

मोबाईल फोटो उलटा करतो. करतोच. स्वतःचा काढला की हमखास. तसंच झालं असणार. तेवढ्यानेच जरा श्वास आला, मी हसलेसुद्धा—

मग स्वेटर दिसला. खिशावर शाळेचं नाव. अक्षरं सरळ आहेत.

अक्षरं सरळ आहेत.

झाडून टाकलं, लिहितो. झाडून—

दाराची कडी मीच काढली. बाई आत आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या. पाठ फिरवायला हवी. पण आता कुणासाठी फिर